कमरेला माऊस

चिंचमळ्यात कुणालाही विचारा, साधना कशी बाई आहे? सांगणारा आधी आजूबाजूला बघून घेतो आणि मग म्हणतो, "तोंडानं लई फटकळ. पण..." त्या 'पण'पाशी माणूस अडखळतो. पुढं बोलायचं तर तिचं चांगलं बोलावं लागतं आणि तेवढं मोठं मन या मळ्यात अजून उगवलेलं नाही. ऊस मात्र भरपूर उगवतो. पिंपरी पेंढारच्या पुढं डांबरी सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, त्यात बुडालेली ही थोडी घरं, आणि त्या घरांइतकीच हक्काची बिबट्यांची वस्ती. इथं पोरं चालायला लागली की त्यांना पहिलं शिकवतात ते हे, की उसाच्या कडेला वाकायचं नाही, ताठ चालायचं. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, शेळी वाटते.

साधनाला हे शिकवायची वेळ कुणावर आली नाही. ती मुळातच वाकणाऱ्यांतली नव्हती.

माहेर तिचं आंबेगावातलं, पारगावचं. बाप ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बारावी झाल्यावर तिनं मंचरला कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलं. क्लास कसला, एका गाळ्यात मांडलेली जुनी मशीनं. सरांनी त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं, कारण ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशीनवरही चालतं. माऊस फक्त पुढच्या रांगेला होते. साधना मागच्या रांगेत. तिनं भांडून बघितलं, तेव्हा सर हसून म्हणाले, "माऊस ज्याला कळत नाही त्याला लागतो. तू अक्षरानं काम करायला शीक." ते तिला असं लागलं, की त्या रागातच ती काळ्या पडद्यावर टाइप करून मशीन चालवायला शिकली. पुढच्या रांगेतल्या पोरी खिडक्या उघडत बसायच्या आणि ही दोन शब्द हाणून त्यांच्या आधी मोकळी व्हायची. राग हे तिचं पहिल्यापासूनचं खत आहे.

मग लग्न होऊन ती चिंचमळ्यात आली. नवरा नवनाथ चाकणच्या कंपनीत, पाळी असेल तसा घरी येणार. सासू प्रयागबाई. साधना तिला आत्या म्हणते. आत्यानं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "आमच्यात सुना कामाला जात न्हाईत." साधना भाकरी थापता थापता म्हणाली, "मग तुमच्यात पयली मी." आणि मारुतीच्या देवळाशेजारच्या डेअरीच्या खोलीत दूध मोजायला जाऊन बसली. दुधात पाणी घालणाऱ्याला ती चारचौघांत विचारायची, "विहिरीला लई पाणी हाय वाटतं यंदा?" फटकळ हे नाव तिथं पडलं ते पडलंच.

त्या खोलीत पुढं कॅमेऱ्यांचं मशीन आलं. पुण्याच्या कॉलेजची पोरं आली, उसाच्या कडेनं खांब रोवून कॅमेरे लावून गेली. सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं डेअरीतल्या एका कॉम्प्युटरवर यायची. त्यात एक प्रोग्राम होता, पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'राखण'. राखण सतत चित्रं तपासायची आणि कुठं बिबट्या दिसला की देवळावरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की बायांनी गवताचा भारा टाकायचा, पोरांनी जिथं असतील तिथल्या घरात शिरायचं. सरळ साधी गोष्ट. मशीन लिनक्सवर चालायचं, म्हणून पोरांनी ते साधनाच्या हवाली केलं. वस्तीची एक समिती झाली आणि तिचा प्रमुख झाला दादाभाऊ, नवनाथचा चुलत भाऊ, साधनाचा थोरला दीर. जमिनीच्या वाटणीवरनं दोन्ही घरांत असं बिनसलं होतं, की तेव्हापासून दादाभाऊनं नवनाथच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बोलायचं ते अंगणातूनच बोलायचं, हा त्याचा बाणा.

सुरुवातीला भोंगा चोख वाजायचा. बाया निर्धास्त झाल्या. आणि हळूहळू मशीन रेंगाळायला लागलं. चार दिवस बरं चालायचं, मग दम लागल्यासारखं व्हायचं. दुधाची पावती निघायला चहा होऊन जायचा. एके दिवशी दिवस कलायच्या वेळी झुंबरबाई शेळीला बांधावरनं घेऊन येत होती. दावं तिच्या हातात होतं. उसातनं पिवळा झपाटा आला, दाव्याला हिसका बसला आणि हातात नुसतं दावं राहिलं. झुंबरबाई घरात जाऊन पाणी प्याली, रडली, शेजारणींना सगळं सांगून झालं, आणि मग भोंगा वाजला.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

तिथून वस्तीचं तोंड साधनाकडं फिरलं. भोंगा उशिरा वाजला म्हणजे साधनानं काहीतरी केलं. बाईच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं, असं बायाही म्हणाल्या, याचा तिला जास्त राग आला. दादाभाऊनं बाहेरून एक मेकॅनिक बोलावला. त्यानं मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ह्याच्यावर लिनक्स हाय ना, म्हणून हळू चालतं." नाचता येईना अंगण वाकडे. कॉलेजच्या पोरांना फोन लावला तर ती परीक्षेच्या गडबडीत. "काकू, मेमरी भरत असेल, बघा ना काय खातंय ते," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

दादाभाऊनं सांगितलं, उद्या तिसऱ्या प्रहरी देवळापुढं बैठक. भोंगा काढायचा.

"का म्हनून?" साधनानं डेअरीच्या दारातच त्याला अडवलं.

"खोटं बोलणाऱ्या राखणदारापरीस राखणदार नसल्याला बरा," दादाभाऊ म्हणाला. "बाया भोंग्याच्या भरवशावर रानात जात्यात. भोंगा नसला तर निदान डोळं उघडं ठिवून तरी जातील. आज शेळी गेली, उद्या मानूस जाईल. मग तू देणार का हिशेब?"

दादाभाऊ आगाऊ होता, पण हे तो चुकीचं बोलला नव्हता. म्हणून तर साधनाला ते जास्त झोंबलं. तिची स्वतःची सासू रोज शेळी गेली त्याच वेळेला उसापलीकडच्या गोठ्यावर जात होती. भोंगा उतरला तर पुन्हा पहिल्यासारखं, कान टवकारून, जीव मुठीत धरून जायचं. आणि भोंगा असाच खोटा राहिला तर त्याहून वाईट.

"उद्या बैठकीपर्यंत मशीन माझ्या ताब्यात हाय ना?" ती म्हणाली. "मग कुनी आत यायचं न्हाई."

सकाळचं दूध उरकलं आणि तिनं दार लोटून घेतलं. काळा पडदा उघडला. मंचरच्या सरांनी शिकवलेला 'फ्री' हा शब्द टाइप केला. मेमरी किती मोकळी आहे ते त्यावरून कळतं. मोकळी जवळजवळ नव्हतीच.

मेमरी म्हणजे काय ते तिनं मागं आत्याला समजावून सांगितलं होतं. घराची ओसरी समजा. कामाची माणसं ओसरीवर बसलेली असली की हाक मारताच उठतात. ओसरी भरली की मशीन उरलेल्यांना परसात बसवतं. परसातल्या माणसाला काम सांगायचं तर आधी मागं जायचं, त्याला बोलावून आणायचं, त्याच्यासाठी ओसरीवरच्या कुणाला तरी परसात धाडायचं. हेलपाट्यातच दिवस जातो. मशीन हळू चालतं ते काही आळसानं नाही, त्याची ओसरी भरलेली असते. या मशीनची ओसरीही भरली होती आणि परसूही.

मग तिनं 'टॉप' म्हटलं. कोण किती जागा अडवून बसलंय त्याची रांगच पडद्यावर येते, सगळ्यांत मोठा खाणारा वर. वर होती राखण. साधनाचं डोकं आधीच तापलेलं. "तूच का गं ती," म्हणत तिनं राखण बंद केली. मशीन लगेच घोड्यासारखं पळायला लागलं. पावती झटक्यात निघाली. साधना खूश होऊन चहा ठेवायला उठली आणि स्टोव्ह पेटवता पेटवता थबकली. राखण बंद, म्हणजे भोंगा बंद. घरात दाटी होतेय म्हणून तिनं राखणदारालाच बाहेर काढलं होतं. स्वतःला एक सणसणीत शिवी देऊन तिनं राखण परत चालू केली.

आणि तिथंच तिला दुसरी गोष्ट सुचली. आपण केलं ते मशीनही करत असेल का? मशीनची एक रीत असते. ओसरी भरली, परसू भरलं आणि श्वास घ्यायलाही जागा उरली नाही, की ते सगळ्यांत जाड माणूस पकडतं आणि बाहेर फेकतं. तिनं मशीनची नोंद उघडून बघितली. झुंबरबाईची शेळी गेली त्याच वेळेला मेमरी संपली होती आणि मशीननं राखणीला मारून टाकलं होतं. थोड्या वेळानं राखण आपोआप पुन्हा उठली आणि साठलेली चित्रं तपासायला लागली, तोवर शेळी गेली होती.

मग दाटी कुणाची? तिनं रांग खाली सरकवली. राखणीच्या खाली ब्राउझर. एकदा नाही, पुन्हा पुन्हा तेच नाव. प्रत्येक ओळ एवढीशी, कुणाकडं बोट दाखवावं अशी नाही, पण थेंबे थेंबे तळे साचे. तिनं पडद्यावरची वरची खिडकी बाजूला सारली. खाली आणखी एक. तिच्याखाली आणखी. प्रत्येकीत एकेका घराचं रान, थेट दिसतंय, हलतंय.

साधना कपाळाला हात लावून बसली. आता तिला सगळं आठवलं.

मशीन बसवलं त्या दिवशी नारळ फुटला होता आणि पडद्याला कुंकू लागलं होतं. मान म्हणून दादाभाऊच्या रानाची खिडकी पहिली उघडली होती. प्रयागबाईनं त्या पोराला विचारलं होतं, "म्हंजी हितनं आता कायम नजर राहनार?" पोरगं म्हणालं, "हो आजी, कायम." ते बोलत होतं कॅमेऱ्यांबद्दल. वस्तीला वाटलं, ही खिडकी म्हणजेच नजर. खिडकी उघडी तोवर रान सुरक्षित. मग दूध घालायला आलेला एकेक जण माऊस धरून आपल्या रानाची एक खिडकी उघडून, हात जोडून गेला. बंद कुणी करायचं नाही. चिंचमळ्यात बांधावर शेंदराचा दगड एकदा मांडला की तो उचलत नाहीत, आणि दुसऱ्याच्या बांधावरच्या देवाला तर बोटही लावत नाहीत. भाऊभाऊ कोर्टात भांडतील, पण हा नियम मोडणार नाहीत. त्या दगडांचा नियम लोकांनी खिडक्यांना लावला होता.

रखमाजी आणि सावळेराम हे सख्खे भाऊ, वाटणी झाल्यापासून बोलत नव्हते. दोघांच्या सामाईक बांधावर कॅमेरा एकच. पण खिडक्या दोन, एक रखमाजीची, एक सावळेरामची, आणि दोन्हींत तंतोतंत एकच चित्र. बरं, मशीन बंद करून चालू केलं की खिडक्या जाव्यात, तर दादाभाऊच्या पोरानं, मोहितनं, मशीनला सांगून ठेवलं होतं, की जे जे उघडं होतं ते ते सगळं पुन्हा उघड. लोकांनी तक्रार करू नये म्हणून. भूत उतरवायचं म्हणून अंगारा लावावा आणि भुतानं त्याच अंगाऱ्यानं तोंड धुवावं, तसं.

साधना उठली आणि घरोघर निघाली. विचारून करावं, असं तिला त्या दिवशी का वाटलं, देव जाणे. बहुतेक त्या शेळीमुळं.

रखमाजी गोठ्यात होता. "नाना, तुमची खिडकी मशीनवरनं बंद करू का? राखण चालूच राहनार हाय. उलट नीट चालंल."

"आमच्या एकीनं काय व्हतंय?" रखमाजी म्हणाला. "आधी सावळ्याची बंद कर."

सावळेराम म्हणाला, "आमच्या एकीनं काय व्हतंय? आधी रखमाची बंद कर."

घरोघरी मातीच्या चुली. प्रत्येकाची एकच खिडकी, प्रत्येक जण निष्पाप, आणि राखण मात्र गुदमरून मरतेय. झुंबरबाईनं तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "एक शेळी गेली. दुसरी हाय अजून. माझी खिडकी काढू नगंस गं." साधना तिथनं पुढं निघाली. शेवटी घरी आली तर आत्याच चुलीपाशी तयारीत बसलेली.

"लोकांच्या काय काढायच्या त्या काढ. आपली काढायची न्हाई."

"आत्या, मी काढनार. आपलीच पयली."

"मी जिती हाय तवर न्हाई."

"तुमी जित्या राहाव्या म्हनूनच काढतीय," साधना ओरडली. ती ओरडली आणि पाठ फिरवून तिनं डोळे पुसले. आत्याला ते दिसलं, पण दिसलं असं तिनं दाखवलं नाही. तिनं चुलीत उगाचच लाकूड सारलं.

तिसऱ्या प्रहरी देवळापुढं माणसं जमली. दादाभाऊनं नुकतंच बोलायला तोंड उघडलं होतं, एवढ्यात साधना डेअरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बैठक नंतर करा. आधी ऐका. मशीन कशानं मरतंय ते मला कळलंय. तुमच्या खिडक्यांनी."

ती ओसरी, परसू, फेकलेला राखणदार, सगळं धडाधड बोलून मोकळी झाली. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. प्रत्येकाला दुसऱ्याची खिडकी जास्त वाटत होती.

"तर मी आता समद्या बंद करनार हाय."

एकच गलका झाला. रखमाजी उठला, सावळेराम उठला, आणि कित्येक वर्षांनी दोघं भाऊ एकाच बाजूला उभे राहिले. दादाभाऊ वरच्या आवाजात म्हणाला, "साधने, मुहूर्ताची खिडकी हाय ती माझी. कुंकू लावलंय तिला. हात लावशील तर याद राख!"

"हात कशाला लावू, भाऊजी? माऊस लागतो ज्याला कळत न्हाई त्याला."

ती आत गेली, उभ्या उभ्याच एक ओळ टाइप केली आणि बोट आपटलं. दारातून डोकावणाऱ्यांच्या देखत सगळ्या खिडक्या एकदम गेल्या. दादाभाऊची मुहूर्ताची, झुंबरबाईची, दोन्ही भावांची, प्रयागबाईची. दुसऱ्या ओळीनं तिनं मोहितची ती 'पुन्हा उघड'ची सोयही उपटली. पडदा कोरा झाला. बाहेर कुणीतरी "अगं आई!" म्हणालं. माणसं अशी मागं सरली, जणू साधनानं सगळ्या बांधांवरचे देव गोळा करून विहिरीत टाकले.

"झालं. उठवली समद्यांची राखण," दादाभाऊ म्हणाला. "कुठंय आता नजर? दाव."

"दावते. हाताच्या काकनाला आरसा कशाला?" साधनानं भिंतीवरचा विळा घेतला. "तुमच्याच रानात जाते. एक पन खिडकी उघडी नसताना भोंगा वाजला तर खिडक्यांचं नाव काढायचं न्हाई. नाय वाजला तर भोंग्याची वायर मीच तोडते."

मळ्याच्या तोंडाशी एक फ्लेक्स लावलेला होता. 'सावधान, बिबट्यांचा वावर' आणि त्याखाली डरकाळी फोडणारा, जवळजवळ खराच वाटावा एवढा बिबट्या. साधनानं विळ्यानं त्याच्या दोऱ्या तोडल्या, बिबट्या गुंडाळून काखेत मारला आणि उसाच्या वाटेला लागली. मागं कुणी आलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं.

दादाभाऊच्या बांधावर खांबासमोर ती उभी राहिली आणि फ्लेक्स उलगडून दोन्ही हातांनी वर धरला. वाट बघितली. काहीच नाही. उसाची पानं सळसळत होती. तिनं फ्लेक्स हलवला. काहीच नाही. देवळापुढची माणसं आता काय बोलत असतील ते तिला इथंही ऐकू येत होतं. आपलं चुकलं तर? राखण खरंच मेली असेल तर? वायर तोडायला हात उचलेल का आपला?

मग तिच्या ध्यानात आलं. उभा, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लटकणारा बिबट्या राखणीनं कधी बघितलाच नसणार. बिबट्या चालतो जमिनीला धरून. म्हणजे खाली जायला हवं. उसाच्या कडेला, कलत्या उन्हात, वाकायला हवं. जे पोरासोरांनाही करू देत नाहीत ते.

पाठीमागं ऊस होता. भीती वाटली, आणि भीतीचाही तिला राग आला. "ये, यायचं तर," ती उसाला म्हणाली आणि खाली बसली. गुडघ्यांवर, एका हातावर, दुसऱ्या हातानं फ्लेक्स पुढं धरून ती बांधावरून एक एक हात सरकू लागली.

भोंगा असा कडाडला, की तिच्याच हातून फ्लेक्स सुटला.

देवळापुढं काय झालं ते तिला नंतर कळलं. रखमाजी आणि सावळेराम एकाच दारातून एकदम आत शिरायला गेले आणि अडकले. झुंबरबाईनं शेळी घरात ओढली आणि आतून कडी लावली. दादाभाऊ मारुतीच्या गाभाऱ्यात देवाच्या मागं होता. साधना बिबट्या काखेत घेऊन ताठ चालत परत आली, तेव्हा बाहेर फक्त प्रयागबाई उभी होती, हातात काठी घेऊन, वाटेकडं डोळे लावून. सून दिसताच तिनं काठी टेकली आणि म्हणाली, "ये. आता घरी चल. केसं बघ कशी झाल्यात." एवढंच.

त्या दिवसापासून साधनानं मशीनचा माऊस काढून घेतला. दूध आटोपलं की तो ती पिशवीत घालून कमरेला खोचते आणि घरी नेते. तिला तो लागत नाही, आणि ज्यांना लागतो त्यांना तो मिळत नाही. लोक चिडले, हसले, पोरांनी तिचं नाव 'उंदीरवाली' ठेवलं. साधनानं कुणाकडं लक्ष दिलं नाही. मशीनची ओसरी मोकळी राहिली आणि भोंगा वेळेवर वाजत राहिला.

पण दादाभाऊच्या मनातून खिडकी गेली नाही. कुंकू लावलेली खिडकी बंद झाली म्हणजे अपशकून, हे त्याच्या डोक्यातून निघेना. गाय आटली तरी खिडकी, पाइप फुटला तरी खिडकी. शेवटी एका संध्याकाळी, कातरवेळेला, तो नवनाथच्या अंगणात येऊन उभा राहिला. नेहमीसारखा, उंबऱ्याबाहेर.

"माऊस दे."

साधना दारात भाजी निवडत होती. "न्हाई."

"एक माझीच उघडतो. मुहूर्ताची. बाकी कुनाची न्हाई. एकीनं काय व्हतंय?"

"एकीनंच समदं व्हतंय, भाऊजी."

"मी समितीचा प्रमुख हाय!"

"मग समितीला सांगा माझ्या कमरेला हात लावायला."

दादाभाऊ लाल झाला. थोरल्या दिराला असं बोलणारी सून त्यानं उभ्या जन्मात बघितली नव्हती. "ऱ्हाऊ दे. मोहितला सांगून दुसरा आनतो," म्हणत तो वळला आणि उसातल्या पायवाटेकडं चालू लागला. अंगणाच्या टोकाशी पोचला असेल नसेल, तोच भोंगा वाजला.

दादाभाऊ जागच्या जागी थांबला. त्यानं पायवाटेकडं बघितलं. मग मागं बघितलं. साधना दारातून बाजूला झाली होती. भोंगा वाजतच होता.

तो परत आला. उंबऱ्यापाशी त्याचा पाय एकदा अडला. मग त्यानं उंबरा ओलांडला.

प्रयागबाईनं घोंगडी पसरली. साधनानं तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं आणि दार लावून घेतलं. "बसा. भोंगा थांबंपर्यंत हितनं कुनी जात न्हाई." दादाभाऊ पाणी प्यायला. घराचं आढं, भिंतीवरचे फोटो, त्यातला त्याचा आणि नवनाथचा लहानपणचा एक, सगळं तो बघत राहिला. माऊसबद्दल परत बोलला नाही.

सकाळी पायवाटेवर बिबट्याचे ठसे होते. दादाभाऊ आला तेव्हा उमटलेल्या त्याच्या चपलांच्या खुणांवरून, त्याच दिशेनं, अंगणाच्या कडेपर्यंत आलेले. वस्तीनं येऊन बघितले. दादाभाऊनंही बघितले आणि किटली घेऊन डेअरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

पुढं रखमाजी होता. दूध मोजून झालं तरी तो हलेना. "साधना," तो हळूच म्हणाला, "सावळ्याला कळू देऊ नगंस, पन माझी तेवढी एकच खिडकी..."

"रखमा," मागनं दादाभाऊ म्हणाला, "दूध घातलं ना? मग गप घरी जा."